कोंबड्यांतील मर : रोगाचे नाव आणि मरणाचे कारण

कुक्कुटपालनाचा धंदा करणाऱ्या शेतकऱ्यास, "गेल्या खेपेस पक्षी कशाने मेले?" असे विचारले असता बहुधा दोहोंपैकी एक उत्तर मिळते. "रोग आला" हे एक, आणि "हवा बदलली" हे दुसरे. पहिले उत्तर देताना बोट पिल्ले पुरविणाऱ्याकडे वळलेले असते व दुसरे देताना आभाळाकडे. शेडच्या आत ते क्वचितच वळते. रोग येतात हे खरे, आणि हवाही बदलते. परंतु ह्या उत्तरांनी पुढच्या खेपेची मर एका पक्ष्यानेही कमी होत नाही. ज्या उत्तरानंतर हाताने करण्याजोगे काहीच उरत नाही ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे नव्हे, आणि ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने तर त्यावर समाधान मानणे मुळीच योग्य नाही.

मांसासाठी वाढविलेल्या कोंबड्यांच्या कळपात पाच-सहा आठवड्यांच्या मुदतीत शेकडा तीन ते पाच पक्षी दगावतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. तेवढी मर धंद्याच्या हिशेबात धरलेलीच असते. प्रश्न असतो तो त्यावरील मरीचा. करारावर कोंबड्या वाढविणाऱ्या शेतकऱ्यास पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीकडून मिळतात; शेड, वीज, पाणी व मजुरी त्याची स्वतःची असते. त्याचा मोबदला पक्ष्यांच्या वजनावर व त्यासाठी लागलेल्या खाद्याच्या प्रमाणावर ठरतो. पस्तिसाव्या दिवशी मेलेल्या पक्ष्याने तीन किलोच्या आसपास खाद्य खाल्लेले असते. ते सर्व शेतकऱ्याच्या नावे चढते आणि वजनाच्या रकान्यात मात्र काहीच येत नाही. उशिरा मेलेला पक्षी हा पहिल्या आठवड्यात गेलेल्या पिल्लापेक्षा कितीतरी महाग पडतो तो ह्यामुळे. असे असूनही बहुतेक ठिकाणी मेलेल्यांची मोजणी होते ती कंपनीच्या कार्डासाठी. त्या आकड्यांकडे पाहून आपणच काही ताडावे, ही कल्पना फारशी कोणाच्या मनात येत नाही.

रोगाचे नाव व मरणाचे कारण ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नेहमी आढळणारे एक उदाहरण घ्यावे. चौथ्या आठवड्यात पक्षी घरघरू लागतात व रोज पाच-दहा मरू लागतात. पशुवैद्य मेलेला पक्षी उघडून पाहतात तेव्हा हृदयावर व यकृतावर पांढरट पापुद्रा धरलेला दिसतो. ई. कोलाय ह्या जंतूमुळे असे झाले, हे निदान बरोबरच असते. परंतु हा जंतू निरोगी कोंबडीच्या आतड्यातही सदैव असतो. मग ह्याच कळपात तो हृदयापर्यंत कसा पोहोचला? विष्ठेतून तो गादीत येतो, गादीतून धुळीत आणि धुळीतून श्वासाबरोबर आत जातो. निरोगी पक्ष्याच्या श्वासनलिकेच्या अस्तरास अतिसूक्ष्म केस असतात व ते ही धूळ सतत बाहेर लोटीत असतात. अमोनिया वायूने हे केस लुळे पडले की मार्ग मोकळा होतो. अमोनिया कोठून आला? विष्ठेतील नत्र व गादीतील ओल ह्यांच्या संयोगाने जंतूंनी तो तयार केला. ओल कोठून आली? पाण्याच्या नळीवरील तोट्या गळत होत्या, किंवा भांडी पक्ष्याच्या पाठीच्या पातळीपेक्षा खाली ठेवल्यामुळे पाणी सांडत होते, आणि थंडी पडली म्हणून रात्रभर पडदे गच्च बंद ठेवल्याने ती ओल बाहेर जाऊ शकली नाही. म्हणजे जंतूचे नाव कागदावर आले ते शेवटी. मरणाची सुरुवात झाली ती गळक्या तोटीपाशी.

अशा वेळी पाण्यातून औषध दिले जाते. तीन-चार दिवस मर थांबते, शेतकऱ्यास हायसे वाटते, औषध बंद होते आणि आठवड्याच्या आत पुन्हा पाच-दहा पक्षी मरू लागतात, कारण गादी होती तशीच ओली आहे. मग अधिक भारी औषध आणले जाते. पाच रुपयांचा वायसर बदलावयाचा राहून गेल्यामुळे औषधाच्या दुकानी किती पैसे गेले, ह्याचा हिशेब एकदा तरी कागदावर मांडून पाहावा अशी आमची शेतकरी बंधूंना विनंती आहे.

गादीची परीक्षा सोपी आहे. तूस मूठभर उचलून घट्ट दाबावे. मूठ उघडताच ते सैल होऊन विखुरले तर ओल योग्य आहे. गोळा तसाच राहिला तर ती फाजील आहे. आणि हाताला काहीच न लागता नुसती धूळ उडाली तर ती कमी आहे. गादीतील ओल शेकडा वीस ते पंचविसापर्यंत असावी, तीस-पस्तिसाच्या वर गेली की गादीचे पापडे धरू लागतात. भांड्यांखालच्या जागी तर ही परीक्षा रोज करावी व ओले तूस ताबडतोब काढून तेथे कोरडे घालावे. अमोनियाच्या परीक्षेस नाक पुरते, पण नाकाला सवय लागते हे विसरू नये. जो मजूर दिवसभर शेडमध्ये वावरतो त्यास वास येत नाही, आणि "वास नाही" असे तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो. म्हणून पहाटे, पडदे उघडण्यापूर्वी, बाहेरच्या माणसाने आत जावे व पक्ष्याच्या उंचीइतके खाली वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे प्रमाण पंचवीस भागांच्या आसपास किंवा वर गेले आहे असे समजावे. पक्षी अशा हवेत चोवीस तास असतात. थंडीच्या दिवसांतदेखील पडद्याचा वरचा भाग थोडा उघडा राहिलाच पाहिजे. पिल्लांना ऊब हवी असते हे खरे, परंतु ऊब व कोंदटपणा ह्या एकच गोष्टी नव्हेत.

ह्याच ओल्या गादीतून रक्ती हगवण उद्भवते. तिच्या सूक्ष्म परजीवीची अंडी विष्ठेतून पडतात तेव्हा ती लगेच घातक नसतात. ओल, ऊब व हवा मिळाल्यास एक-दोन दिवसांत ती पिकतात आणि मग पक्ष्याच्या चोचीतून पोटात गेली की आतड्याचा नाश करतात. कोरड्या गादीत ही अंडी पिकण्याचे प्रमाण पुष्कळच कमी राहते. खाद्यात रोगप्रतिबंधक औषध मिसळलेले असूनही रक्ती हगवण दिसली तर खाद्याला दोष देण्याआधी छपराची गळती पाहावी.

मरीचे कारण शोधण्यास शेतकऱ्याच्या हाती असलेले सर्वांत स्वस्त साधन म्हणजे नोंदवही. किती मेले एवढेच नव्हे, तर कोणत्या वयात, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि शेडच्या कोणत्या भागात मेले, हे लिहावे. पहिल्या दोन दिवसांतच पिल्ले जाऊ लागली व त्यांच्या नाभी ओल्या, सुजलेल्या दिसल्या, तर दोष उबवणी केंद्रातील स्वच्छतेत किंवा वाहतुकीत असण्याचा संभव अधिक. तेथे पुरवठादाराकडे बोट दाखविणे रास्त आहे. परंतु चौथ्या ते सहाव्या दिवशी मर अचानक वाढली तर निराळाच विचार करावा लागतो. पिल्लाच्या पोटात अंड्यातील बलकाचा जो साठा उरलेला असतो तो सुमारे तीन दिवस पुरतो. ज्या पिल्लास ह्या अवधीत दाणा-पाणी सापडले नाही, ते साठा संपताच मरते. कृत्रिम दाईखाली उष्णता कमी पडल्यामुळे पिल्ले एकमेकांवर चढून बसली, किंवा दाण्याची भांडी दूर अंधारात राहिली, की असे घडते. पिल्ले आल्यावर काही तासांनी दहा-वीस पिल्लांच्या गळ्याखालील पोतडी बोटाने हलकेच चाचपावी. ती भरलेली व मऊ लागली पाहिजे. रिकामी लागली तर रात्र होण्याआधी उपाय करावा, कारण पाचव्या दिवशी तो करता येत नाही.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात चांगले तगडे पक्षी एकाएकी मलूल होऊन मरू लागले तर गंबोरो रोगाची शंका घ्यावी. भारतात १९९० च्या दशकात ह्या रोगाच्या तीव्र विषाणूने फार नुकसान केले. त्यावर औषध नाही, फक्त लस आहे. पाचव्या आठवड्यानंतर, उन्हाळ्यात, दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान कळपातील सर्वांत वजनदार पक्षी उताणे पडून मरू लागले, तर तो रोग नव्हे; तो उष्माघात होय. कोंबडीस घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराची उष्णता एरवीच एकेचाळीस अंशांच्या घरात असते व ती केवळ धापा टाकून अंग थंड करू शकते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात शेडमधील हवाच त्याहून तप्त झाली तर धापांचाही उपयोग होत नाही. त्यातच खाद्य पचविताना पोटात उष्णता निर्माण होते, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास खाद्याची भांडी वर उचलावी व सायंकाळी पुन्हा खाली सोडावी. थंड पाणी मात्र दिवसभर असावे. छपरावरील टाकीतले पाणी दुपारी कढत असते, हे हात घालून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

टर्की पाळण्याची हौस आता महाराष्ट्रातही काही ठिकाणी दिसू लागली आहे, म्हणून तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहिणे जरूर आहे. टर्कीची पिल्ले कोंबडीच्या पिल्लांपेक्षा दाणा-पाणी ओळखण्यास मंद असतात व भरल्या भांड्यांशेजारी उपाशी मरतात. भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाकल्या तर ती त्यांवर चोच मारतात आणि खाण्यास शिकतात. उपाय पोरखेळासारखा वाटला तरी गुणकारी आहे. गोट्या मात्र पिल्लास गिळता येणार नाहीत एवढ्या मोठ्या असाव्यात.

टर्कीचा खरा शत्रू म्हणजे ब्लॅकहेड नावाचा रोग. त्यात विष्ठा गंधकासारखी पिवळी होते व यकृतावर वाटोळे, मध्ये खोल गेलेले डाग पडतात. नावाप्रमाणे डोके काळे पडतेच असे नाही, तेव्हा डोक्याकडे पाहत बसू नये. ह्या रोगाचा परजीवी कोंबडीच्या आतड्यातील एका बारीक जंताच्या अंड्यांत दडून राहतो. ही अंडी जमिनीत दीर्घकाळ टिकतात आणि गांडुळांच्या पोटातही साठून राहतात. कोंबडीस त्याचा फारसा त्रास होत नाही. त्याच जमिनीवर चरणारी टर्की मात्र मोठ्या संख्येने मरतात. अमेरिकेत ह्यावर वापरले जाणारे निटारसोन हे शेवटचे औषध २०१५ च्या अखेरीस बाजारातून काढून घेण्यात आले. ते सोमलयुक्त होते. तेव्हा, कोंबड्या व टर्की एकत्र पाळू नयेत, आणि जेथे पूर्वी कोंबड्या चरत असत ती जागा टर्कीस देऊ नये, हाच इलाज उरतो. मोकळ्या अंगणात "थोडी टर्कीही सोडावी" अशी सल्ला-मसलत चाललेली आढळल्यास ग्रामसेवकाने ती तेथल्या तेथे थांबवावी.

टर्कीच्याच निमित्ताने आणखी एक घटना सांगण्यासारखी आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की मेली. जंतू सापडेना, विषाणू सापडेना. नाव देता येईना म्हणून त्यास "टर्की एक्स रोग" म्हणण्यात आले. अखेर असे आढळून आले की मेलेल्या कळपांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडीवर बुरशी वाढलेली होती. त्या बुरशीच्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. एका पक्ष्याकडून दुसऱ्यास जाणारे त्यात काहीच नव्हते. पोत्यातून जे आले तेवढेच होते.

ज्या प्रदेशात भुईमूग व मका दोन्ही पिकतात आणि काढणीच्या वेळी परतीचा पाऊस येतो, तेथील शेतकऱ्यास ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. भिजलेला मका उन्हात पुन्हा वाळविला की तो दिसावयास चांगला होतो. वाळविल्याने बुरशीची वाढ थांबते, पण तयार झालेले विष जात नाही. शिजविल्यानेही ते पुरते जात नाही. विष थोडे असेल तर पक्षी मरत नाही, वाढ मात्र खुंटते आणि रोगाशी झगडण्याची त्याची शक्ती क्षीण होते. मग त्यास दिलेली लस लागू पडत नाही व पुढे जो रोग येतो त्याच्या नावावर सर्व मर लिहिली जाते. खाद्याची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर ठेवावी, जुने खाद्य आधी संपवावे आणि वास लागलेले खाद्य "कोंबड्यांना चालते" म्हणून खपवू नये.

ह्या विवेचनाचा अर्थ व्यवस्था चांगली असली की लशीची गरज नाही, असा कोणी घेईल तर तो घातक ठरेल. मानमोडीचे उदाहरण पाहावे. १९२७ च्या सुमारास कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत येथे आढळल्यावरून आपल्याकडे तिचे नाव रानीखेत पडले. कोरडी गादी, उत्तम खाद्य, मोकळी हवा असे सर्व काही असले तरी लस न टोचलेला कळप ह्या विषाणूपुढे टिकत नाही. प्रश्न आहे तो लस देऊनही मेलेल्या कळपांचा. "लस बोगस होती" हा आरोप लगेच होतो. पण ही लस जिवंत विषाणूंची असते. ती बर्फावरून काढून दुचाकीच्या डिकीत तासभर उन्हात हिंडविली, किंवा जंतुनाशक भुकटी घातलेल्या नळाच्या पाण्यात मिसळली, तर विषाणू तेथेच मरतात व पक्षी नुसते पाणी पितात. पाण्यातून लस देताना आदल्या दिवसापासून क्लोरीन बंद करावे, पाण्यात थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी घालावी, पक्ष्यांना आधी थोडे तहानलेले ठेवावे आणि मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपवावी. शेडच्या सभोवती गावरान कोंबड्या मोकळ्या हिंडत असतील तर त्यांनाही लस मिळाली पाहिजे. मोठ्या शेडला लस आणि शेजारच्या झोपडीतील चार कोंबड्यांना नाही, ही विषाणूस दिलेली सोयच होय. औंध, पुणे येथील शासकीय संस्थेत अशा लशी तयार होतात. त्या गावातील शेवटच्या अंगणापर्यंत पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

विषाणूंवर प्रतिजैविके चालत नाहीत. तरीही मर सुरू होताच, निदानापूर्वीच ती दिली जातात, आणि विक्रीच्या आदल्या दिवसापर्यंत दिली जातात. औषधाचा अंश मांसात व अंड्यांत उतरतो म्हणून ते बंद केल्यावर किती दिवस पक्षी विकू नयेत, हे पुडीवर छापलेले असते. ते दिवस पाळणे ही खाणाऱ्याची रास्त अपेक्षा आहे. माणसाच्या दुर्धर आजारात शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन हे औषध कोंबड्यांना व इतर खाद्य प्राण्यांना देण्यास केंद्र शासनाने २०१९ मध्ये बंदी केली. जेथे वायसर बदलणे पुरेसे होते तेथे अशी औषधे ओतली गेल्यानेच ही पाळी आली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेलेला पक्षी फेकून न देता पशुवैद्यांकडून उघडून घ्यावा, असा आमचा आग्रह असला तरी त्यास एक मर्यादा आहे. एक-दोन दिवसांत फार मोठ्या संख्येने पक्षी एकाएकी मरू लागले, तुरे निळसर पडले, डोकी सुजली, तर पक्ष्यास कोणीही हात लावू नये, उघडणे तर दूरच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू सिद्ध झाला. बाहेरून पाहता त्याची मर आणि मानमोडीची मर ह्यांत फरक करणे तज्ज्ञांनाही कठीण असते. निर्णय प्रयोगशाळेतच होतो. अशा वेळी लपवाछपवीचा मोह होतो, कारण धंदा बुडेल ही भीती खरी असते. नवापूरच्या व्यावसायिकांना ती सोसावी लागली. परंतु नुकसानभरपाई मिळते ती शासनाने नष्ट करविलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे कळविण्यास जितका उशीर तितके भरपाईस मुकावयाचे. शिवाय सांसर्गिक रोगाची शंका असल्यास कळविणे हे २००९ च्या कायद्यान्वये बंधनकारक आहे. मेलेले पक्षी रातोरात नाल्यात फेकणारा माणूस कुत्री, घारी व कावळे ह्यांच्याकरवी रोग शेजाऱ्याच्या शेडपर्यंत पोहोचवितो, आणि पुढल्या खेपेस तोच रोग त्याच्याकडे परत येतो.

एरवीच्या मरीत, नुकतेच मेलेले तीन-चार पक्षी दुहेरी पिशवीत बांधून, बर्फ घातलेल्या डब्यातून त्याच दिवशी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात अथवा औंध येथील रोग अन्वेषण विभागात पोहोचवावे. पक्षी बर्फात गोठवून दगड करू नये आणि सकाळी मेलेला पक्षी सायंकाळपर्यंत उन्हात ठेवून नेऊ नये. कुजलेल्या आतड्यांतून काहीच कळत नाही. बरोबर एक चिठ्ठी द्यावी. तीत पक्ष्यांचे वय, कळपाची संख्या, गेल्या सात दिवसांतील रोजची मर, दिलेल्या लशी व त्यांच्या तारखा, खाद्याचे नवे पोते केव्हा उघडले आणि पाण्यातून कोणते औषध दिले, हे लिहावे. औषध दिलेले असेल तर ते लपवू नये, कारण जंतूंची तपासणी त्यामुळे फसते. नोंदवही ठेवलेली असल्यास ही चिठ्ठी लिहिण्यास पाच मिनिटे लागतात. नसल्यास निदान त्या दिवसापासून एक वही शेडच्या दाराशी सुतळीने बांधून ठेवावी, म्हणजे मजुरासही वेळ व जागा लिहिता येईल.